शेठचं वजन

रविवार, १२ जानेवारी

डॉक्टरबाई म्हणाल्या, लिहून ठेवा. साप काय खातो, कधी खातो, कात कधी टाकतो, वजन किती भरतं. कंपनीने नव्या वर्षाची ही दैनंदिनी दिलीच होती. पहिल्या पानावर लिफ्टचा फोटो आहे. दरवर्षी अशी एक मिळते आणि वर्षभर मी तिच्यावर चहाचा कप ठेवतो. यंदा तिचं नशीब उघडलं.

तर साप. नाव शेठ. जात अजगराची, पण अजगर म्हटल्यावर लोक डोळे मोठे करतात तसं काही नाही. ही पाळायची छोटी जात आहे. अंगठ्याहून थोडा जाड, उलगडला तर हातभर. दिवसभर उपड्या कुंडीखाली वेटोळं करून पडून असतो, कामधंदा करत नाही, कोणाशी बोलत नाही, आणि आम्ही त्याची सरबराई करतो. म्हणून खारूने नाव ठेवलं शेठ.

खारू म्हणजे माझी लेक. लहानपणी घास गिळायची नाही, गालात साठवून बसायची, म्हणून खारू. आता तेरा वर्षांची आहे आणि चारचौघांत त्या नावाने हाक मारायची नाही अशी मला ताकीद आहे.

शेठ मूळचा तिच्या मामाचा. त्याची बदली झाली आणि त्याने तो भाचीच्या गळ्यात मारला. खारू तिच्या आईकडे राहते, तिथे मावशीही राहते, आणि मावशी पालीला बघूनसुद्धा पलंगावर चढते. म्हणून शेठ आला माझ्याकडे. आम्ही नवराबायको वेगळे झालो तेव्हा माझ्या वाट्याला फ्रिज आणि दिवाण आला होता, त्यात ही भर.

ठरलंय ते असं. तीनशे ग्रॅम होईपर्यंत सापाला हलवू नका, असं डॉक्टरबाईंचं म्हणणं. अशक्त साप जागा बदलली की खाणं सोडतात. तोवर खारू दर रविवारी इथे येणार, त्याला खाऊ घालणार, वजन करणार. तीनशे भरला की साप आईकडे जाणार आणि रविवारी खारूचा पोहण्याचा क्लास सुरू होणार. मावशी तिच्या खोलीला आतून कडी लावून राहायला तयार झाली आहे. खारूची आई म्हणते, दोन बस बदलून जायचं, दोन बदलून यायचं, पोरीचा अख्खा रविवार सापापायी जातो. चूक नाही तिचं.

आजचं वजन २१२. मागच्या महिन्यात २१० होतं. खायला काळ अन् भुईला भार म्हणतात, आमच्या शेठला तेवढंही जमत नाही.

रविवार, १९ जानेवारी

आज खाऊ घालताना मी शेजारी बसून नीट बघितलं, लिहायचं आहे म्हणून.

आधी शेठला झाकणाच्या डब्यात घालून स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवायचं. २१३. मग फ्रीजरमधून उंदीर काढायचा. वरच्या कप्प्यात दोन पाकिटं आहेत, एक अगदी छोट्या गुलाबी पिल्लांचं, दुसरं अंगावर केस आलेल्या मोठ्यांचं. खालच्या कप्प्यात माझं दूध. माझ्याकडे पाहुणे पाणीसुद्धा मागत नाहीत ते यामुळेच असावं. खारूने गुलाबी पाकिटातला एक घेतला, प्लास्टिकच्या पिशवीत घालून कोमट पाण्यात सोडला, मऊ झाल्यावर लांब चिमट्यात धरून शेठच्या नाकासमोर हलवला. शेठने बराच वेळ विचार केला आणि मग झडप घातली. गिळायला वेळच लागला नाही.

"एवढ्याने त्याचं काय होणार?" मी म्हटलं.

"बाबा, ही जात सावकाशच वाढते. घाई नाही करायची. आणि मी नसताना तू काही देऊ नकोस हं. त्याला माझ्या हाताची सवय आहे."

एवढं काम झालं की खरं तर तिला जायला हरकत नाही. पण शेठने खाल्लेलं उलटून टाकलं तर, म्हणून ती संध्याकाळपर्यंत थांबते. तेवढ्यात अभ्यास करते, माझ्याशी पत्ते खेळते, दिवाणावर लवंडते. आज मी तिला प्लगच्या वायरी जोडायला शिकवल्या. शेठकडे तिने दिवसभरात एकदाही वळून बघितलं नाही, पण लक्ष असणारच.

वजन वाढलं नाही तरी पोरगी चेहऱ्यावर दाखवत नाही. "असू दे रे," म्हणते आणि माझ्यासाठी चहा टाकते. एवढी समजूत हिला कुठून आली कोण जाणे.

बुधवार, २२ जानेवारी

पैलवानशी भांडण झालं. पैलवान म्हणजे माझा कामावरचा जोडीदार. वजन पन्नास किलोही नसेल, म्हणून पैलवान. आम्ही दोघं लिफ्टच्या टपावर बसून तेलपाणी करत होतो. मी त्याला शेठचं सांगत होतो, की खाल्लेलं अंगी लागत नाही, पोरगी दर रविवारी हेलपाटे घालते.

तो म्हणाला, "मग बिघडलं काय? कमीच घाल त्याला. साप जिथल्या तिथे, पोरगी तुझ्या दारात. तीनशे व्हायलाच नको."

मी म्हटलं, मुक्या जनावराला अर्धपोटी ठेवायचं आणि लेकीला भेटायचं? असला बाप असण्यापेक्षा नसलेला बरा. खारूला कळलं तर ती माझं तोंड बघणार नाही.

"मी आपलं बोललो," पैलवान म्हणाला. नंतर मी दिवसभर त्याच्याशी बोललो नाही. राग त्याचा आला होता, पण त्याच्या बोलण्याआधी तोच विचार माझ्याही मनात येऊन गेला होता, हे इथे लिहायला हरकत नाही.

रविवार, २ फेब्रुवारी

शेठने खाल्लं नाही. डोळे निळसर झालेत, कात टाकणार आहे. वजन २११. म्हणजे महिनाभराच्या कष्टावर पाणी.

मी बिघडलेली लिफ्ट बघतो तेव्हा मला निदान कळतं की दोष कुठे शोधायचा. आवाज ऐकायचा, दोर बघायचा, पट्टा बघायचा. इथे काय बघणार? काचेपलीकडे एक गुंडाळी पडली आहे. तिला भूक आहे की नाही, दुखतं आहे की काय, ती मला सांगत नाही. गरम कोपरा गरम आहे, गार कोपरा गार आहे, पाणी स्वच्छ आहे. सगळं बरोबर आहे आणि जीव वाढत नाही. मी हात टेकले आहेत.

खारू जाताना म्हणाली, "तो कधीच तीनशे झाला नाही तर?"

मला गलबलून आलं. मी तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हटलं, "होईल बाळा. मी बघतो काय करायचं ते."

ती म्हणाली, "नको, तू काही करू नकोस." किती जपते मला.

शनिवार, ८ फेब्रुवारी

सुट्टी टाकून डॉक्टरबाईंकडे गेलो, एकटाच. शेठला गरम पाण्याची बाटली लावून डब्यातून नेलं. बसमध्ये शेजारच्या माणसाने डब्यात काय आहे विचारलं, मी म्हटलं नातेवाईक.

डॉक्टरबाईंनी त्याचं तोंड उघडून बघितलं, पोट चाचपलं. "ठणठणीत आहे. खायला काय देता?"

मी मोबाइलवर पाकिटाचा फोटो दाखवला.

"अहो, हे तर अंड्यातून बाहेर आलेल्या पिल्लाचं खाणं. याच्या अंगाच्या जाडीएवढा उंदीर हवा. धडधाकट माणसाला दिवसाला एका बिस्किटावर ठेवलं तर काय होईल? मरणार नाही, पण अंगही धरणार नाही."

"तरीच," मी म्हटलं.

"पण हे मी तुमच्या मुलीला सांगितलं होतं की. केस आलेले द्यायचे म्हणून. तिने दोनदा विचारून घेतलं, छोटे दिले तर काय होईल तेही विचारलं. हुशार आहे."

पोर आहे, विसरली असेल. शाळा, परीक्षा, दोन घरं, डोक्यात किती ठेवणार. आता हे तिला सांगायचं कसं, हाच प्रश्न. तिच्या हातून मासे मेले होते तेव्हा दोन दिवस जेवली नव्हती. आपण शेठला इतके महिने अर्धपोटी ठेवलं हे कळलं तर स्वतःला खात बसेल.

नाही सांगणार. आठवड्याच्या मधे मी गुपचूप मोठा उंदीर देईन. रविवारी ती तिचा छोटा देईल. झाकली मूठ सव्वा लाखाची.

बुधवार, १२ फेब्रुवारी

शेठची कात निघाली, तुकड्यातुकड्यांनी. कामावरून आल्यावर केसाळ उंदरांचं पाकीट उघडलं. ते अजून सीलबंद होतं. एक उंदीर मऊ करून खारूसारखा चिमट्यात धरून हलवला. शेठने एवढ्या जोरात झडप घातली की चिमटा हातातून सुटला. जबडा ताणून ताणून गिळला, मग गळ्यात फुगवटा दिसला, मग तो हळूहळू खाली सरकला. मी शेजारी जमिनीवर बसून होतो. बऱ्याच महिन्यांत माझ्या घरी कोणी असं पोटभर जेवलं नव्हतं.

रविवार, २३ फेब्रुवारी

वजन २३१.

मला वाटलं होतं खारू उडी मारेल. तिने डबा उचलला, काटा शून्यावर आणला, पुन्हा ठेवला. २३१. मग तिने काट्याची बॅटरी बदलायला लावली. पुन्हा २३१.

"हे कसं झालं?" तिने विचारलं.

"तुझ्या हाताचा गुण," मी म्हटलं.

ती हसली नाही. दुपारी पत्त्यांत तीन डाव सलग हरली. तिची काही चिंता असेल, शाळेतली. मी विचारलं तर म्हणाली, काही नाही. एवढ्या मोठ्या मुलींना बापाने किती खोदून विचारायचं, मला अंदाज येत नाही.

रविवार, २ मार्च

२४०. खारू म्हणाली, शेठ सुस्तावलाय, या रविवारी खाणं नको. दिलं नाही.

म्हणून मी आज तिला बसवर पोचवून आल्यावर दिलं.

रविवार, २३ मार्च

२६५. आता शेठ हातात घेतला की वजन जाणवतं. कातडी तुकतुकीत झाली आहे. खारू गुलाबी पिल्लूसुद्धा देईना. "जाडा होतोय तो. जाड्या सापांचं यकृत बिघडतं." कुठेतरी वाचलंय म्हणे. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, असं मनात आलं, पण बोललो नाही. मला कारण कळतं. इथून हलवल्यावर त्याला काही होईल, अशी भीती तिच्या मनात बसली आहे.

दुपारी ती दिवाणावर पालथी पडून अभ्यास करत होती. मी इस्त्री करत होतो.

"बाबा, तो तीनशे झाला की काय?"

"की मग तुझ्याकडे. तुझ्या खोलीत."

"आणि रविवार?"

मी बरेच दिवस याचं उत्तर तयार करून ठेवलं होतं. तिला माझं ओझं वाटू नये, माझ्याकडे बघून तिचं मन मोडू नये, म्हणून. मी अगदी मोकळेपणाने म्हटलं, "रविवारी तू निवांत. दोन बस बदलायला नकोत, माझ्या हातची जळकी अंडी खायला नकोत. पोहायला शिक. मलाही जरा लोळायला मिळेल."

"हं," ती म्हणाली आणि वहीत डोकं घातलं. बराच वेळ पान उलटलं नाही. अवघड धडा असावा.

मी शर्टाची एक बाही दोनदा इस्त्री केली. पण आवाज कापला नाही माझा, ते जमलं.

बुधवार, ९ एप्रिल

कोमट पाण्यात मोठा उंदीर, समोर शेठ. आज द्यायचाच नाही असं मनात आलं. रविवारी २८४ होता. आणखी थोडे दिवस काढता येतील. कोण बघतंय?

पाण्यात उंदीर गार व्हायला लागला तोवर बसून राहिलो. पैलवानचं बोलणं आठवत होतं. शेठ कुंडीबाहेर डोकं काढून जीभ लपलपवत होता. त्याला वास आला होता. त्याला काय माहीत आमचं काय चाललंय ते.

शेवटी दिला. पुन्हा पाणी गरम करून, उंदीर गरम करून दिला. नंतर मला रडू आलं, ते कशाचं ते सांगता येत नाही. लेकीला एक गोष्ट हवी आहे, ती मला देता येते आहे, यात रडण्यासारखं काही नाही.

रविवार, ४ मे

काल रात्रीच मी वजन करून बघितलं होतं आणि खारूच्या आईला फोन करून टाकला होता, की उद्या गाडी घेऊन ये, पोरीला धक्का देऊ. सुखाचा धक्का, असं म्हणायचं होतं मला.

खारू नेहमीसारखी बसने आली. पाठोपाठ तिची आई. या घरात ती पहिल्यांदाच आली. इकडेतिकडे बघून म्हणाली, "नीट ठेवलंयस." मी म्हटलं, बस. ती खुर्चीच्या टोकावर बसली.

खारू आईकडे बघत उभी. "तू का आलीस?"

"तुझ्या बाबाने बोलावलं. वजन तर कर."

खारूने शेठला डब्यात घातलं. काट्यावर आकडा आला, ३०४. तिने डबा उचलून परत ठेवला. मग म्हणाली, "काटा चुकतोय."

मी साखरेचं न फोडलेलं पाकीट आणून काट्यावर ठेवलं. बरोबर किलो भरलं. अशा बाबतीत मी तयारीत असतो.

"तू त्याला खायला घालत होतास," ती म्हणाली.

आता लपवण्यात अर्थ नव्हता. "बुधवारी घालायचो. मोठे उंदीर. डॉक्टरबाईंनी सांगितलं होतं ते तुझ्या लक्षात राहिलं नव्हतं. तुला वाईट वाटेल म्हणून बोललो नाही. त्यात तुझी काही चूक नाही, बाळा."

"माझ्या लक्षात होतं," ती म्हणाली.

"असू दे. होतं असं."

"बाबा, माझ्या लक्षात होतं."

या वयात चूक कबूल करायला जीवावर येतं, म्हणून मी तो विषय वाढवला नाही. तिची आई मात्र तिच्याकडे टक लावून बघत होती. मग तिने माझ्याकडे बघितलं, काहीतरी बोलणार असं वाटलं, पण खारू जोरात म्हणाली, "आई, चल. घेऊन जाऊ. बाबाला हवंय ना आपण न्यावं असं, मग नेऊ." आणि रडायला लागली. आनंदाने रडतात तशी ती रडत नव्हती, एवढं मलाही कळलं. शेठच्या काळजीने असणार. प्रवासाचं दडपण.

काचेची पेटी मी आणि तिच्या आईने मिळून खाली नेली. आमच्या इमारतीची लिफ्ट बंद होती. घरचंच झालं थोडं आणि व्याह्याने धाडलं घोडं. पेटी गाडीत मागे ठेवली, दिव्याची वायर, गरम चटई, चिमटा, दोन्ही पाकिटं बर्फात घालून दिली. किती दिवसांनी काय द्यायचं, हलवल्यावर किती दिवस हात लावायचा नाही, सगळं सांगितलं. खारू मागच्या सीटवर पेटीला हात लावून बसली होती. मी खिडकीतून म्हटलं, "आता झालं ना मनासारखं?"

तिच्या आईने गाडी चालू केली, मग परत बंद करून मला म्हणाली, "तू कधीतरी विचारत जा रे तिला."

"काय विचारू?"

"काही नाही," ती म्हणाली.

रविवार, ११ मे

सकाळी उठून चार अंडी तळली, मग आठवलं. चारही मीच खाल्ली.

पेटीखालची जमीन वेगळ्या रंगाची निघाली आहे. पुसून काढली, पण तशीच दिसते. तिथे खुर्ची आणून ठेवली.

दुपारी खारूचा फोन आला. क्लासला गेली नव्हती.

"बाबा, शेठ खात नाहीये."

"जागा बदलल्यावर नाही खात. दोन आठवडे हात लावू नकोस. खाईल आपोआप."

"वजन कमी होईल ना पण?"

"होईल थोडं."

"किती कमी झालं की परत आणायचं?"

मला हसू आलं. केवढा जीव लावलाय त्या सापाला. मी म्हटलं, "परत कशाला आणायचं? आता त्याला काही होत नाही. मी चांगला खाऊ घालून तयार केलाय. महिना नाही खाल्लं तरी चालेल."

तिने तो विषय सोडला.

"बाबा, तू काय करतोयस?"

"काही नाही. लोळतोय. म्हटलं होतं ना."

"बरं," ती म्हणाली. पण फोन ठेवला नाही. मीही ठेवला नाही. तिच्या घरात मावशी कोणाला तरी दार लाव म्हणून ओरडत होती, ते ऐकू येत होतं. शेवटी तिने ठेवला.

अशीच ये एखाद्या रविवारी, असं म्हणायचं अगदी ओठांवर आलं होतं माझ्या. पण कशासाठी ये म्हणून सांगू? इथे आता माझ्याशिवाय काही नाही.